पाणी किती गरम आहे

औषधाच्या दुकानात मी खोकल्याच्या गोळ्या मागितल्या आणि मागे उभ्या असलेल्या एका मुलीने माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की घड्याळाचा पट्टा हाडात रुतला. रोममध्ये असं कुणी धरलं तर माणूस आधी पाकीट चाचपतो. मीही चाचपलं, ते जागेवर होतं. मुलगी असेल चोवीस-पंचवीसची. अंगात हिरवा कोट, पायांत गावाकडचे जाड बूट, आणि चेहरा असा पांढराफटक पडलेला की दुकानदार तिच्यासाठी स्टूल घेऊन आला. ती बसली नाही. 'अजून बोला,' ती मला म्हणाली, 'काहीही बोला.' मी म्हटलं, 'अगं, आधी माझा हात तर सोड.' हे ऐकून तिने डोळे मिटून घेतले. मला या प्रकाराची सवय आहे. मासेवाला, टॅक्सीवाला, एकदा तर चर्चमध्ये पापं सांगायला गेले होते तेव्हा जाळीपलीकडचा पाद्रीसुद्धा माझ्या आवाजाला अडखळला. हा आवाज कुठेतरी ऐकलाय, एवढं त्यांना आधी कळतं. मग कुठे ते आठवतं. मग लाजत लाजत विचारतात, बाई, ते एकदा म्हणून दाखवाल का? आणि मी मेली काही कमी नाही, दाखवते म्हणून. 'ये ना. पाणी किती गरम आहे.' मासेवाला छातीवर क्रॉस करतो आणि पुड्यात दोन मासे जास्त टाकतो. पण या मुलीने ते वाक्य मागितलं नाही. ती म्हणाली, ती मारिझा, नीवेस फोर्लातीची मुलगी. समोरच्या डबिंग स्टुडिओत तिने माझी चौकशी केली, तेव्हा त्यांनीच सांगितलं होतं की इल्देबाई रोज अकराला गोळ्या घ्यायला उतरतात.

नीवेसला जाऊन एकवीस वर्षं झाली. तिने सात सिनेमे केले, सातही ऑरेस्ते वाल्काम्पीचे, आणि सातही सिनेमांत ती माझ्या आवाजात बोलते. आमच्याकडे यात कुणाला काही विशेष वाटत नाही. सिनेमा मुका काढायचा आणि मग अंधाऱ्या खोलीत बसून त्याला बोलतं करायचं, ही इथली जुनी रीत. चेहरा एकीचा, आवाज दुसरीचा, पाटीवर नाव चेहऱ्याचं. बाहेरच्या देशांतल्या लोकांना हे ऐकून शिसारी येते म्हणे. आम्हाला लहानपणापासून ठाऊक असतं की पडद्यावरचा राजा बोलतो तो कोपऱ्यावरच्या खानावळीत जेवणाऱ्या टकल्या माणसाच्या गळ्यातून. पण मारिझाला ठाऊक नव्हतं. ती पो नदीच्या मुखाकडच्या चिखलातली, तिथे कुणी तिला सांगितलंच नव्हतं. आई गेली तेव्हा ती तीन वर्षांची. वडील त्याआधीच कुठे खाणीत काम शोधायला गेले ते गेलेच. आजीने वाढवलं. टीव्हीवर आईचा सिनेमा लागला की ही पोर उशी घेऊन जमिनीवर, पडद्याला नाक लावून झोपायची, आणि आजी स्वयंपाकघरात निघून जायची. आजीला लेकीचं दुःख बघवत नाही, अशी हिची समजूत. गेल्या हिवाळ्यात आजी वारली. वारण्याआधी आठवडाभर म्हणाली, 'ती तुझी आई नव्हे. तिच्या तोंडात दुसरीच बाई बोलते. मला ती बाई ऐकवत नाही.' हे सगळं मारिझाने मला स्टुडिओखालच्या कॉफीच्या दुकानात, उभ्या उभ्या, कप हातात तसाच धरून सांगितलं. मग म्हणाली की तिला आईचा खरा आवाज हवाय. गावात तेव्हा कुणाकडे टेपरेकॉर्डर नव्हता. लग्नाचे फोटो आहेत पाच. सिनेमावाल्यांकडे काहीतरी असेलच ना? मी म्हटलं, नाही बाळ, काही नाही. आमच्याकडे सगळं पुसतात. हे बोलताना माझा आवाज अगदी स्वच्छ, सव्वीस वर्षांच्या बाईचा येत होता. माझं वय एकसष्ट आहे. गुडघे गेले, दात निम्मे खोटे आहेत, पण घशाला काळ लागलेला नाही. घशाचे डॉक्टर टॉर्च घालून बघतात आणि म्हणतात, बाई, इथे आत दुसरंच कुणीतरी राहतं. ते हसतात. मी घरी येऊन आरशासमोर आ करून बघत बसते.

मी तिला गुरुवारी चार वाजता पुन्हा ये म्हटलं. कुठेतरी शोधून बघते म्हटलं. शोधायचं काही नव्हतं. ती फीत माझ्या कपाटात, हिवाळी चादरींखाली, बिस्किटांच्या डब्यात एकवीस वर्षं पडून आहे. घरी आले तर दुपारच्या वेळी समोरच्या इमारतीतल्या कुठल्याशा खिडकीतून मीच बोलत होते. टीव्हीवर तिचा तिसरा सिनेमा लावला होता. दुसऱ्या मजल्यावर बोलले, मग चौथ्या मजल्यावर तेच बोलले, किंचित मागून. मी खिडकी लावून घेतली. मेलेल्या बाईच्या तोंडातून स्वतःला ऐकणं हे काही भुताखेतांचं नाही, माझा पगार त्याचाच होता. तरी माझं तोंड बंद असताना माझा आवाज रस्त्यात कुणाला तरी हाक मारत फिरतो आहे, ही गोष्ट मला या वयात सोसत नाही.

वाल्काम्पीला आम्ही सगळे मास्तर म्हणायचो. महायुद्धानंतर तो कॅमेरा खांद्यावर घेऊन दलदलीत बाम मासे पकडणाऱ्या कोळ्यांमागे हिंडला, तिथून त्याची सुरुवात. पहिले दोन सिनेमे गरिबांचे, खऱ्या झोपड्या, खरी भूक. त्यांना बक्षिसं मिळाली आणि प्रेक्षक मिळाले नाहीत. मग एके दिवशी त्याने जाहीर केलं की गरिबांचं बघून झालं, आता मेलेल्यांकडे जातो. तेव्हापासून त्याच्या सिनेमांत कुणी ना कुणी मेलेलं असायचं आणि ते घरातच राहायचं. किंकाळी नाही, रक्त नाही. फक्त जेवणाच्या टेबलावर एक माणूस जास्त. त्याच्या घरी शेवयांच्या पुठ्ठ्याच्या पेट्या होत्या, चाळीसेक, आणि त्यांत फोटो: खाटीक, जोगिणी, पोस्टमन, बाजारातल्या बायका. सिनेमा लिहून होण्याआधी तो फोटो जमिनीवर पसरून त्यांच्यात अनवाणी चालायचा. जो चेहरा पायाखाली येऊ नये असं वाटायचं तो निवडायचा. त्यांना अभिनय येत नाही, संवाद पाठ होत नाहीत, याचं त्याला काही नव्हतं. तो त्यांना आकडे मोजायला लावायचा. कॅमेरा चालू झाला की मोजा. प्रेमात असाल तर एक, दोन, तीन. दुःखात असाल तर हजाराच्या घरातले, म्हणजे तोंड जड चालतं. आणि तो स्वतः कॅमेऱ्याशेजारी बसून सारखा बोलत राहायचा: वळ, बघ, आता त्याला विसर, आता तो मागे उभा आहे. या गलबल्याची एक फीत निघायची. ती फक्त खुणेसाठी, वाक्य कुठे सुरू होतं कुठे संपतं ते आम्हाला कळावं म्हणून. मग मी आणि माझ्यासारखे त्या आकड्यांवर संवाद बसवायचो. ओठ मिटले की तिथे प किंवा ब किंवा म हवा, ओठ गोल झाले की उ. काम झालं की फीत पुसून दुसऱ्या सिनेमाला वापरायची. 'चेहरा देवाने दिला, त्याला माझा इलाज नाही,' मास्तर म्हणायचा. 'आवाज मी देईन.' आम्हाला हे फार मोठं वाटायचं. मला अजूनही थोडं वाटतं, खोटं कशाला बोलू.

नीवेस त्याला मासळीच्या कारखान्यात सापडली. खारवलेल्या बामांचे डबे भरत होती. तिच्याशी माझी भेट तीनदाच झाली. पहिल्या सिनेमाच्या डबिंगला ती कुणाला न सांगता येऊन मागे अंधारात उभी राहिली. आमच्याकडे सिनेमाचा एकेक तुकडा कापून त्याचं कडं करतात आणि तेच पुन्हा पुन्हा पडद्यावर फिरवतात, जमेपर्यंत. त्या दिवशी तिचा चेहरा पंधरा वेळा वळला, पंधरा वेळा त्याने ओठ उघडले, पंधरा वेळा मी बोलले. दिवे लागले तेव्हा ती माझ्याजवळ आली, दोन बोटं माझ्या गळ्यावर ठेवली, थंडगार, मिठाने चिरलेली बोटं, आणि म्हणाली, 'मग मी इथे राहते तर.' तिचे शब्द मला लख्ख आठवतात. पण आठवतात ते माझ्याच आवाजात. मी पुष्कळ प्रयत्न केला आहे, ट्राममध्ये, अंघोळ करताना, डोळे मिटून. ती बोटं येतात, मिठाचा वास येतो, ती तोंड उघडते आणि त्यातून मी बोलते. कपाटातली फीत मी कधी लावली नाही ती यासाठीसुद्धा. त्यातूनही मीच निघाले तर काय करू, अशी मला भीती वाटायची.

सातव्या सिनेमात ती बुडून मेलेली बायको झाली होती. नवऱ्याला खाडीच्या पाण्यात बोलावून नेते, एवढीच गोष्ट. जानेवारीत, दलदलीत, हनुवटीपर्यंत पाण्यात उभी राहून तिने तो प्रसंग केला. नऊ दिवसांनी न्यूमोनियाने गेली. फुप्फुसं मुळातच कच्ची होती, तिने दुखणं लपवलं, असं सगळ्यांनी म्हटलं आणि सगळ्यांचा त्यावर विश्वास बसला. मास्तर दफनाच्या वेळी लहान मुलासारखा रडला. मग पंधरा दिवसांनी माझ्यासमोर ते कडं फिरलं. काळं पाणी, त्यावर फक्त चेहरा, आणि चेहऱ्यावर असं काही की मला त्यातून नजर काढवेना. कानाला हेडफोन लावून फीत ऐकली. ती मोजत होती. एकोणतीस, तीस, एकतीस. मग मोजायचं थांबली. 'मास्तर, पुरे. थंडी वाजतेय. पाय लागत नाहीत मला.' आणि त्याचा आवाज, मधासारखा: 'ओठ चालू ठेव, राणी. फार सुंदर दिसतेयस. आकडे सुचत नसतील तर काहीही बोल.' मग ती तेच बोलत राहिली. थंडी वाजतेय, थंडी वाजतेय. सात वेळा त्याने तो प्रसंग घेतला होता आणि त्यांतून निवडला तो हा. मी त्याला म्हटलं, इथे ती मोजत नाहीये. तो म्हणाला, 'ओठ हलताहेत ना? मग बसव काहीतरी.' कागदावर जे वाक्य होतं ते त्या ओठांवर बसेना. दोन दिवस बसेना. तिसऱ्या दिवशी दुपारी मला ते सुचलं. ये ना, पाणी किती गरम आहे. तिच्या 'पुरे'वर माझं 'पाणी' असं चपखल बसलं की यंत्रावरच्या एत्तोरेने टाळी वाजवली. मास्तरने माझ्या कपाळाचे मुके घेतले. ते वाक्य त्या सिनेमाच्या जाहिरातीवर छापलं, लोकांनी ते थडग्यावर कोरून घेतल्याचंही मी ऐकलं आहे, आणि आजवर ज्याने त्याने ते मास्तरचं म्हणून सांगितलं. फीत मी पुसायला दिली नाही. नीवेसची आठवण म्हणून ठेवली असं म्हणायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे मी ती घाबरून ठेवली, उद्या कुणी जाब विचारला तर हुकूम कुणाचा होता ते दाखवता यावं म्हणून. कुणी विचारलाच नाही.

सिनेमा अर्धा राहिला होता. मास्तरने तिच्यासारख्या खांद्यांची एक बाई पाठमोरी उभी केली आणि उरलेलं सगळं माझ्याकडून बोलून घेतलं. नीवेस मेल्यानंतर त्या सिनेमात वीस मिनिटं बोलते. आणि मग फोन सुरू झाले. दुपारी तीनला घंटी वाजायची, पलीकडे कुणी बोलायचं नाही, फक्त श्वास. तो कोण ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी ते वाक्य म्हणायचे, कधी तिचे दुसरे संवाद, कधी नुसती त्याची चौकशी करायचे, पण तिच्या त्या पडद्यावरच्या लयीत. तो ऐकायचा आणि ठेवून द्यायचा. हे दोन वर्षं चाललं. मला त्याची लाज वाटायची आणि अडीच वाजल्यापासून मी फोनशेजारी खुर्ची ओढून बसायचे. प्रेम म्हणायचं की काय म्हणायचं, मला ठरवता आलं नाही. तो मला कधी फोन करतच नव्हता, हे मात्र मला कळत होतं. पुढे त्याने आणखी सहा सिनेमे केले, दरवेळी नवी बाई, आणि दरवेळी आवाज मी. जाणकारांनी लिहिलं की वाल्काम्पीच्या सगळ्या सिनेमांतून एकच भूत हिंडतं. कुणाच्या लक्षात आलं नाही की ते भूत त्यांच्याच रांगेत उभं राहून कॉफी पितं. मग काळ बदलला, लोक घरी बसून टीव्ही बघू लागले, मास्तर फर्निचरच्या जाहिराती करू लागला, आणि दोन वर्षांपूर्वी कर्करोगामुळे त्याचा कंठ कापून काढावा लागला.

बुधवारी दुपारी मी त्याच्याकडे गेले. नदीकाठच्या घरात चौथ्या मजल्यावर तो पेट्यांच्या मधोमध खुर्चीत बसलेला असतो, गळ्याला रेशमी रुमाल. रुमालाखालच्या भोकातून हवा आत-बाहेर करते. बोलणं थांबलं की तेवढाच आवाज खोलीत उरतो. मांडीवर शाळेतली पाटी असते. मी सांगितलं, नीवेसची मुलगी आलीय. त्याने खडू उचलला आणि लिहिलं: चेहरा? मी म्हटलं, 'आईचाच. हनुवटी वेगळी आहे.' त्याने लिहिलं: फोटो आण. मला हसू आलं आणि अंगावर काटाही आला. हा माणूस मरतानासुद्धा यमाला म्हणेल, जरा उजेडात ये. मग मी त्याला फितीचं सांगितलं. ती आहे हे त्याला माहीत नव्हतं. रुमाल जोरात हलू लागला. पाटी पुसायला त्याने बराच वेळ घेतला, मग लिहिलं: मी आहे त्यात? मी म्हटलं, आहात. पुन्हा पुसून: कसा वाटतो? त्याला स्वतःचा आवाज कसा होता ते ऐकायचं होतं, दुसरं काही नाही. त्याच्या डोळ्यांत एवढी आशा होती की मला राग धरता येईना. 'गोड,' मी म्हणाले, आणि ते खरंच होतं. तो खिडकीबाहेर बघत राहिला. मग त्याने मोठ्या अक्षरांत, शाळामास्तर फळ्यावर लिहितो तसं लिहिलं: तूच मोज. एक ते चाळीस. पोर सुखाने जाईल. मी म्हटलं, मास्तर, तिला आजीने सगळं सांगितलंय, ती खरा आवाज मागतेय. त्याने खडूने त्या ओळीखाली रेघ ओढली. आणि जिन्यावरून उतरताना मला जाणवलं की मी पायऱ्या मोजते आहे, तोंडातल्या तोंडात, तिच्या लयीत.

मी ते केलं. इतकी वर्षं त्याने सांगितलं आणि मी केलं, पायांना वाट पाठ होती. गुरुवारी दुपारी दोन वाजता लहान स्टुडिओत एत्तोरेला बसवलं आणि एक ते चाळीस मोजले. थोडी गावाकडची झाक दिली, मधे एकदा घसा खाकरला, एकदा हसले. कुणीही फसलं असतं. एत्तोरेने ते परत ऐकवलं. एकतीसनंतर आवाज कापत होता. बत्तीस, तेहतीस, आणि दातांवर दात आपटल्याचा बारीक आवाज. मी तसं काही केलं नव्हतं. मी मोजताना मला जराही थंडी वाजली नव्हती. एत्तोरे यंत्राकडे बघतच म्हणाला, 'बाई, हीटर लावू का?' मी म्हटलं नको. त्याने ती फीत डब्यात भरून त्यावर नाव लिहिलं, नीवेस, आणि तो जेवायला निघून गेला. टेबलावर आता दोन डबे होते. एकावर ते नाव, आणि दुसऱ्यावर बिस्किटांचं चित्र.

मारिझा चारला पाच कमी असतानाच आली. माझ्यासाठी घरच्या लोणचवलेल्या बामांची बरणी आणली होती. सातची गाडी गाठायची होती तिला. खुर्चीच्या कडेवर बसली, बूट जुळवून, पहिल्या दिवशी शाळेत आलेल्या मुलीसारखी, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी शक्य तेवढं कमी बोलत होते. ती म्हणाली, 'काहीही असलं तरी चालेल मला, नुसते आकडे असले तरी. तिचे असले म्हणजे झालं.' माझा हात नाव लिहिलेल्या डब्यावर होता. त्याने ती आयुष्यभर सुखी झाली असती हे मला अजूनही वाटतं. उशीवर डोकं ठेवून तिने जो आवाज ऐकला तोच तिला पुन्हा मिळाला असता, आणि आजी म्हातारपणी काहीतरी बरळली असं तिने स्वतःला समजावलं असतं. पण मला एकाएकी माझ्या गळ्यावर ती दोन थंड बोटं लागली, आणि मला भयंकर वाटलं. या पोरीच्या आईच्या तोंडात मी आणखी एकदा शिरले तर तिथून मला बाहेर पडता येणार नाही, मेल्यावरही नाही. मी बिस्किटांचा डबा उघडला, फीत चढवली आणि बटण दाबलं.

त्यातून मी बोलले नाही. एवढं मला पहिल्या आकड्यालाच कळलं. जाड, ओबडधोबड, नाकातला आवाज होता तो, आकड्यांची शेपटं खाणारा, चिखलातल्या गावचा. मास्तरने तो का बदलला ते कुणालाही कळलं असतं. त्या चेहऱ्याला तो शोभत नव्हता. तो मोजत गेला, थांबला, थंडी वाजतेय म्हणाला. मध्ये मास्तरचं मधाचं बोलणं. पाण्याची खळखळ. मारिझा कपाळाला आठ्या घालून ऐकत होती. मी फीत थांबवली तेव्हा म्हणाली, 'ही कोण?' मी बोटाने तिच्याकडे आणि मग डब्याकडे खूण केली, तुझी आई अशा अर्थाने. तिने मान हलवली. 'नाही. ही आई नाही. तुमची काहीतरी चूक झाली.' मग अगदी हळू, मला लाच दिल्यासारखं, म्हणाली, 'तुम्हीच बोला ना. एकदा नुसती हाक मारा मला. मारिझा म्हणा.' हे नाव माझ्या जिभेवर येऊन बसलं होतं. मी ओठ आवळून धरले, फीत मागे फिरवली आणि पुन्हा लावली.

दुसऱ्यांदा तिने ती ऐकली आणि घड्याळाकडे बघितलं. तिसऱ्यांदा मी शेवटी बंद केली नाही, पुढे जाऊ दिली. तिथे मास्तर 'झालं' म्हणतो, पाणी डुचमळतं, माणसं धावतात, कुणीतरी तिला ओढून वर घेतं. आणि तो जाड आवाज, दात वाजत असताना, कुणावर तरी करवादतो: 'हळू ओढ की गं. मी काय जाळ्यातली बाम आहे?' मारिझाने माझ्या हातावर हात आपटला. 'परत लावा. तेवढंच.' मी लावलं. 'आजी,' ती म्हणाली, 'आजी मला न्हाऊ घालायची तेव्हा मी अशीच... नाही, आजीचाच आहे हा आवाज. आजी तरुण असती तर.' मग ती यंत्राजवळ सरकली, आवाजाच्या जाळीवर तळहात ठेवला आणि पहिल्यापासून लावायला सांगितलं. आता तिला सगळं ऐकू येत होतं. ती रडत होती आणि हसतही होती, एकोणतीस, तीस, आणि मग हसणं थांबलं. मास्तरचं बोलणं ती डोळे बारीक करून ऐकत होती. ओठ चालू ठेव, राणी. फीत संपून रीळ रिकामं फडफडू लागलं तरी तिने हात काढला नाही.

'पाय लागत नव्हते तिचे,' ती म्हणाली. मग विचारलं, 'हे त्या पाण्याच्या प्रसंगातलं आहे ना? त्या वाक्याखाली हे होतं?' मी मान डोलावली. 'तुम्ही हे तेव्हाच ऐकलं होतं?' मी पुन्हा मान डोलावली. तिने माझ्याकडे तोंड वळवलं. आईचे डोळे, वेगळी हनुवटी. 'तोंडाने सांगा,' ती म्हणाली. 'ते पाणी गरम आहे, ते कुणाचं? त्या माणसाचं?' हो म्हणणं सोपं होतं. तो नदीकाठी पाटी घेऊन बसला आहे, नाकारायला त्याच्याकडे आवाजसुद्धा नव्हता. फितीवर त्याचाच गुन्हा होता, माझा एक शब्द नव्हता. मी म्हणाले, 'माझं. ते वाक्य माझं आहे.' त्या बंद खोलीत ते तिच्या आईच्या पडद्यावरच्या आवाजात उमटलं, स्वच्छ, सव्वीस वर्षांचं. मारिझाने दोन्ही हात कानांवर गच्च दाबून धरले. मला अजून खूप सांगायचं होतं, मी सांगत होते, क्षमा मागत होते, आणि ती कान मिटून नुसती माझ्या ओठांकडे बघत होती.